धातूवर बसलेले पाहुणे

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

पितळेचा गडवा चिंचेनं लख्ख घासला, भरपूर पाण्यानं धुतला आणि तसाच हातात तिरपा धरला, तर पाणी त्याच्या अंगावर पातळ पडद्यासारखं सलग पसरतं. तोच गडवा दिवसभर घरात हाताळला जाऊ द्या आणि संध्याकाळी त्यावर पुन्हा पाणी ओता. आता पाणी पसरत नाही. त्याचे थेंब होतात, ते गोळा होतात आणि घरंगळून खाली पडतात. पितळ तेच, पाणी तेच, विहीरसुद्धा तीच. मग सकाळ आणि संध्याकाळ यांच्या मधे बदललं काय?

बदलला तो गडव्याच्या अंगावरचा एक थर. आपल्या हाताच्या तेलकटपणाचा, चुलीजवळच्या हवेतल्या स्निग्ध वाफेचा. हा थर डोळ्यांना दिसत नाही. त्याची जाडी कधी कधी एका रेणूइतकीच असते, म्हणजे साधारण एक-दोन नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, यावरून अंदाज करा. सोनाराच्या तराजूतही या थराचं वजन लागणार नाही. पण पाण्याला मात्र तो बरोबर कळतो, कारण पाण्याची गाठ पितळेशी पडतच नाही, या थराशी पडते.

आपल्या रोजच्या व्यवहारात धातूची ओळख म्हणून जी काही असते, त्यातली बरीचशी या वरच्या थराची असते, असं मी म्हटलं तर ते अतिशयोक्त वाटेल. मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि विद्यार्थ्यांनाही ते आधी अतिशयोक्तच वाटायचं. म्हणून आज प्रयोगशाळेची उदाहरणं बाजूला ठेवून तुम्हाला एका गावाच्या परिसरातच फिरवतो. गोंदिया जिल्ह्यातलं, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं प्रतापगड.

प्रतापगड म्हटलं की महाराष्ट्रात बहुतेकांना जावळीचा प्रतापगड आठवतो. आमचा प्रतापगड वेगळा. झाडीपट्टीतला, धानाच्या बांध्यांच्या आणि जंगलाच्या मधे उभा असलेला डोंगर. इथे महादेवाचं देवस्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते आणि येणारी माणसं दोन्हीकडे माथा टेकवतात. जवळच गोठणगावच्या बाजूला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग नावाची. १९७२च्या सुमारास ती वसली. म्हणजे मंदिर, दर्गा आणि बौद्ध मठ असा तिहेरी शेजार. आणखी एक गोष्ट. १ मे १९९९ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता, आणि भंडारा म्हणजे पितळेचं गाव. तिथल्या कासारांनी घडवलेले गुंड, गडवे, परात्या या भागातल्या घराघरांत होत्या. लेकीच्या लग्नात पितळी गुंड दिल्याशिवाय आंदण पूर्ण होत नसे. आता स्टीलनं त्यांना माळ्यावर बसवलं आहे, ते असो.

यात्रेत देवळाची घंटा पाहा. जिथे हजारो हात लागतात तो भाग चकचकीत, आणि जिथे कोणाचा हात पोचत नाही तो भाग काळपट. एकाच ओतकामातल्या एकाच घंटेचे हे दोन रंग. मठात याच्या उलट शिस्त. तिबेटी बौद्धांच्या पूजेत पाण्याच्या सात वाट्या मांडतात. सकाळी त्या भरायच्या, संध्याकाळी रिकाम्या करायच्या, स्वच्छ फडक्यानं कोरड्या पुसायच्या आणि पालथ्या घालून ठेवायच्या. यामागची श्रद्धा त्यांची त्यांच्यापाशी, पण धातूच्या भांड्याला याहून चांगली वागणूक मला तरी सुचवता येणार नाही. ओलं राहिलेलं पितळ रात्रभरात डागाळतं. कोरडं, पालथं ठेवलेलं डागाळत नाही.

आता हा थर बसतो का, ते पाहू. तांब्याच्या तुकड्याच्या पोटातला एक अणू घ्या. त्याला चहूबाजूंनी मिळून बारा शेजारी असतात. यात्रेच्या ऐन गर्दीत सापडलेल्या माणसासारखी त्याची अवस्था. कुठून काही नवं धरायला त्याच्यापाशी जागाच नाही. पण तुकड्याच्या अगदी वरच्या पातळीवरच्या अणूला फक्त आठ-नऊ शेजारी असतात. गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचे एक-दोन हात मोकळे असतात, तसे या अणूचेही असतात. समोरून कोणी आला की हे मोकळे हात त्याला धरतात. येणारा पाहुणा ऑक्सिजनचा असेल, पाण्याचा असेल, गंधकाचा असेल, नाहीतर तेलाचा असेल.

या धरून ठेवण्याला शास्त्रात अधिशोषण म्हणतात. शोषण वेगळं. बोळा पाणी पितो, पाणी त्याच्या आत शिरतं, ते शोषण. अधिशोषणात पाहुणा आत येत नाही, ओट्यावरच बसतो. ओट्यावरही बसण्याच्या दोन तऱ्हा असतात. काही पाहुणे नुसते टेकतात आणि भांडं जरा गरम केलं की उठून जातात. काही मात्र धातूशी इलेक्ट्रॉनांची देवघेव करतात, म्हणजे खरा रासायनिक बंध जोडतात, आणि ते उठवता उठत नाहीत. गंमत सगळी या दुसऱ्या प्रकारात आहे. कारण देवघेव दोन्ही बाजूंनी असते. पाहुणाही बदलतो आणि यजमानही बदलतो.

हे किती झटपट घडतं? धातूचा अगदी कोरा, ताजा पृष्ठभाग साध्या हवेत उघडा केला तर तो भरून जायला सेकंदाचा काही अब्जांशच पुरतो. याचा अर्थ असा की कोरं, निव्वळ पितळ तुम्ही-आम्ही कधी पाहिलेलंच नाही. चिंचेनं घासलेल्या गडव्यावरही हवेचा थर असतोच, फक्त तो पाण्याला आवडणारा असतो. खरोखरचा कोरा धातू पाहायचा तर निर्वात पेटीत हवेचा दाब साडेसात लाख कोटी पटीनं कमी करावा लागतो. तेव्हा कुठे दोन-तीन तास उसंत मिळते. अशा पेट्या १९६०च्या दशकापासून प्रयोगशाळांत सहज तयार होऊ लागल्या आणि तेव्हापासून या शास्त्राला गती आली.

पण प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी आपल्या कल्हईवाल्याला यातलं मर्म हाताला ठाऊक होतं. पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवलं की ते कळकतं, हे आजही आजीला विचारा. आंबट पदार्थात तांबं-जस्त उतरतं, चव तुरट होते आणि जास्त पोटात गेलं तर उलट्या, पोटदुखी ठरलेली. म्हणून आतून कथिलाचा हात द्यायचा. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणजे ते वितळवणं काही अवघड नाही. अवघड आहे ते चिकटवणं. साध्या तापवलेल्या भांड्यात वितळलेलं कथील टाकलं तर ते पाऱ्यासारखं गोळ्या होऊन इकडून तिकडे पळतं. आपल्या संध्याकाळच्या गडव्यावर पाणी करतं तेच. कारण मधे ऑक्सिजनानं तयार केलेला थर बसलेला असतो.

कल्हईवाला भात्यानं कोळसे फुलवतो, भांडं तापवतो आणि त्यात चिमूटभर नवसागर टाकतो. भपकन पांढरा धूर उठतो. लहान मुलं खोकत पळतात आणि लगेच परत येतात. त्या धुरात काय होतं? तापलेल्या नवसागराचे दोन वायू होतात. एक अमोनिया, दुसरा हायड्रोजन क्लोराइड. हा दुसरा वायू ऑक्सिजनाचा थर उखडून काढतो. तेवढ्याच क्षणी, हवेनं पुन्हा जागा बळकवायच्या आत, कल्हईवाला कथील टाकून कापसाच्या बोळ्यानं ते सपासप फिरवतो आणि डोळ्यांदेखत भांडं आतून चांदीसारखं होतं. हात एक क्षण उशिरा फिरला तर तिथे डाग राहतो, कल्हई धरत नाही, आणि त्याच डागातून पुढे ताक कळकतं. घरच्या माणसांच्या पोटाचं आरोग्य त्या बोळ्याच्या चपळाईवर अवलंबून होतं, असं म्हणायला हरकत नाही. या कारागिराला आपण मजुरी तेवढी दिली, मान दिला नाही, हे माझं मत मी इथे नोंदवून ठेवतो.

प्रत्येक पाहुणा उपद्रवीच असतो असं नाही. बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून एरंडेल घालण्याची रीत जुनी आहे. एरंडेलाच्या रेणूला एक डोकं आणि लांब शेपट्या असतात. डोकं लोखंडाला धरतं आणि शेपट्या वर उभ्या राहतात, दाट पेरलेल्या परह्यासारख्या. आसावरचा आणि चाकातला असे दोन परहे एकमेकांवरून सरकतात, लोखंड लोखंडाला भिडतच नाही. असा एक रेणू जाडीचा थर घर्षण दहा पटींपर्यंत कमी करू शकतो. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांतही एरंडेलच वापरत, आणि एका प्रसिद्ध इंजिन तेलाच्या ‘कॅस्ट्रॉल’ या नावात एरंडाचं इंग्रजी नाव लपलेलं आहे. आमच्या गाडीवानाला हे कळलं असतं तर त्यानं मिशीला पीळ दिला असता.

हाताच्या वासाचंही थोडं सांगतो. बसमधल्या लोखंडी दांड्याला धरून उभं राहिलं की हाताला एक विशिष्ट वास येतो. त्याला आपण लोखंडाचा वास म्हणतो. लोखंड काही हवेत उडत नाही, मग वास कशाचा? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानं दाखवलं की तो वास आपल्याच त्वचेवरच्या स्निग्ध पदार्थांचा आहे. घाम आणि लोखंड यांची गाठ पडली की त्या पदार्थांचे तुकडे होतात आणि ते तुकडे वास मारतात. आपण धातूला नावं ठेवतो, वास मात्र आपला असतो.

रेडिओवर बोलतो आहे तेव्हा रेडिओचंही ऋण सांगितलं पाहिजे. ट्रान्झिस्टर येण्यापूर्वीचे मोठे लाकडी रेडिओ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना आतले काचेचे व्हॉल्व्ह आठवत असतील. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, तेव्हाच पुढचं सगळं चालतं. पण धातूतून बाहेर पडायला इलेक्ट्रॉनला एक उंबरठा ओलांडावा लागतो. टंगस्टनचा उंबरठा उंच, म्हणून तार सुमारे २२०० अंशांपर्यंत तापवावी लागे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत अर्विंग लँगम्युअर हे दिव्यांच्या तारांवर काम करत होते. टंगस्टनमध्ये थोडं थोरियम मिसळलेलं असलं आणि तार विशिष्ट रीतीनं तापवली तर इलेक्ट्रॉनांचा पूर हजारो पटींनी वाढतो, असं त्यांना आढळलं. कारण शोधलं तेव्हा दिसलं की थोरियमचे अणू आतून वर येऊन टंगस्टनवर एकाच अणूच्या जाडीचा थर करून बसतात. ते आपले इलेक्ट्रॉन थोडे टंगस्टनकडे सरकवतात आणि उंबरठा खाली येतो. मग तीच तार सुमारे १७०० अंशांना काम भागवते. सीझियम या धातूचे अणू बसवले तर उंबरठा निम्म्याहूनही खाली जातो. उलट ऑक्सिजन बसला तर तो धातूकडूनच इलेक्ट्रॉन ओढतो, उंबरठा चढतो आणि व्हॉल्व्ह मुका होतो.

त्या व्हॉल्व्हच्या काचेवर आतून आरशासारखा एक रुपेरी ठिपका असे, आठवतो? तो शोभेसाठी नव्हता. तो बेरियमचा थर. व्हॉल्व्हमध्ये चुकूनमाकून राहिलेला ऑक्सिजन त्यानं आधी पकडावा, तारेपर्यंत पोचू देऊ नये, यासाठी बसवलेला पहारेकरी. काचेला तडा जाऊन हवा शिरली की तो ठिपका दुधासारखा पांढरा पडे आणि दुरुस्तीवाला नुसतं पाहूनच मान हलवत असे. मोठ्या प्रक्षेपकांमधल्या कितीतरी व्हॉल्व्हांमध्ये असा थोरियमचा थर होता, तर घरच्या रेडिओतल्या छोट्या व्हॉल्व्हांमध्ये हेच काम बेरियमचे अणू करत. म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांनी ऐकलेली गाणी आणि बातम्या अशा एकेका थरावरून चालत आल्या. लँगम्युअर यांना पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी १९३२चं नोबेल पारितोषिक मिळालं.

आता डोंगर उतरून धानाच्या बांधीत येऊ. रोवणी झाली की युरियाची पोती निघतात. हवेत नायट्रोजन ७८ टक्के आहे, धानाचं रोप त्यातच उभं आहे, पण त्याला त्यातला कणभरही थेट घेता येत नाही. नायट्रोजनच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं इतके घट्ट धरून असतात की त्यांना सोडवणं रोपाच्या आवाक्याबाहेरचं आहे. ही सोडवणूक कारखान्यात लोखंडाच्या पृष्ठभागावर होते. महाराष्ट्रात तुर्भे आणि अलिबागजवळचं थळ इथल्या राष्ट्रीय केमिकल्सच्या कारखान्यांत युरिया बनतो, आणि त्याची पहिली पायरी म्हणजे अमोनिया. सुमारे ४०० ते ५०० अंश तापमान, हवेच्या शंभर-दोनशे पट दाब आणि लोखंडाचे बारीक खडे. नायट्रोजनचा रेणू लोखंडावर बसतो. लोखंड त्याच्याकडे थोडे इलेक्ट्रॉन सरकवतं, त्यामुळे त्याचा आतला बंध सैलावतो आणि दोन अणू सुटे होतात. शेजारी हायड्रोजनही असाच फुटून बसलेला असतो. दोघं जुळतात, अमोनिया होतो आणि उठून जातो. जागा पुन्हा मोकळी.

१९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर यांनी अमोनिया करून दाखवला आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊला पहिला कारखाना सुरू झाला. पण कोणतं लोखंड वापरायचं, हा प्रश्न अल्विन मिटाश यांनी हजारो नमुने तपासून सोडवला. शुद्ध लोखंड चांगलं निघालं नाही. स्वीडनमधलं एक खनिज चांगलं निघालं, कारण त्यात मुळातच काही भेसळ होती. त्या भेसळीतला एक पदार्थ म्हणजे पोटॅश. पोटॅशमध्ये काय जादू आहे, ते मात्र पुढची साठ-पासष्ट वर्षं नीट उलगडलं नाही. कारखाने धडाधड चालत होते, जग जेवत होतं, आणि का चालतात ते सांगता येत नव्हतं.

ते गेरहार्ड अर्टल यांनी सांगितलं. १९७०च्या दशकात त्यांनी मघाच्या त्या निर्वात पेट्यांत लोखंडाचा कोरा तुकडा ठेवला आणि त्यावर एकेक पाहुणा मोजून मापून सोडला. पोटॅशियम लोखंडावर बसलं की स्वतःचे इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. टंगस्टनवरच्या थोरियमसारखंच. उंबरठा खाली आलेलं लोखंड मग शेजारी बसलेल्या नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉन जास्त सढळपणे सरकवतं आणि तो लवकर फुटतो. रेडिओची तार आणि युरियाचा खडा यांचं तत्त्व एकच निघालं. अर्टल यांना २००७चं नोबेल मिळालं. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या अन्नातला नायट्रोजन या वाटेनं येतो, असा अंदाज आहे.

आणि एक पाहुणा याच लोखंडाला निकामी करतो. गंधक. अमोनियाला लागणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून करतात आणि त्या वायूत गंधकाची संयुगं असतात. गंधक लोखंडावर बसलं की उठत नाही, आणि एक अणू आजूबाजूच्या कितीतरी जागा बिघडवतो. म्हणून वायूतलं गंधक दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी होईल इतकं आधी काढून टाकावं लागतं. पायातल्या चांदीच्या तोरड्या काळ्या पडतात, तेही गंधकाचंच काम. तिथे थरावर थर चढून रंग दिसू लागतो. कारखान्यात रंग दिसायची वाट पाहिली तर फार उशीर झालेला असतो, कारण नासाडी पहिल्याच थरात संपूर्ण होते.

असाच दुसरा उपद्रवी पाहुणा शिसं. पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळण्याची चाल १९२०च्या दशकात सुरू झाली. मोटारीच्या धुरातले विषारी वायू निवळावेत म्हणून पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्यात चिनीमातीच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा अगदी बारीक लेप असतो. पण शिसं प्लॅटिनमवर जाऊन बसतं आणि महागडी जाळी नुसती जाळीच उरते. म्हणून मुंबईसह चार महानगरांत १ एप्रिल १९९५पासून नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आला तेव्हा शिसंविरहित पेट्रोलही आणावंच लागलं, आणि १ फेब्रुवारी २०००पासून ते देशभर झालं. मुलांच्या मेंदूला शिसं घातक आहे हे डॉक्टर सांगत होतेच. पण पेट्रोलमधून ते हटवण्याची निकड प्लॅटिनमच्या या दुखण्यानंही वाढवली, हे विसरू नये.

या कन्व्हर्टरमध्ये ज्या वायूचा बंदोबस्त करायचा असतो त्याचं नाव कार्बन मोनॉक्साइड. तो आज मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्लॅटिनमवर तो कार्बनच्या टोकानं घट्ट बसतो. गाडी थंड असताना तो सगळ्या जागा अडवून टाकतो. ऑक्सिजनला फुटून बसायला शेजारच्या दोन जागा लागतात, त्या मिळतच नाहीत, आणि कन्व्हर्टर काहीच करत नाही. प्लॅटिनम अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापलं की मोनॉक्साइडचे रेणू उठू लागतात, ऑक्सिजनला जागा मिळते, आणि दोघं मिळून निरुपद्रवी कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात. हा जागांचा झगडाही अर्टल यांनीच बारकाईनं उलगडला.

हा झगडा आपल्या अंगातही होऊ शकतो. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोखंडाचे अणू आहेत. तो काही धातूचा पत्रा नव्हे. एकेक अणू वेगळा, प्रथिनाच्या घडीत बसवलेला. पण त्याचाही एक हात मोकळा असतो आणि त्या हातात ऑक्सिजन धरून रक्त तो अंगभर पोचवतं. कार्बन मोनॉक्साइड या लोखंडालाही कार्बनच्याच टोकानं धरतो, प्लॅटिनमला धरतो तसा, आणि ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट. त्याला रंग नाही, वास नाही. विदर्भात थंडीची बातमी आली की गोंदियाचं नाव बहुतेक वेळा वरच असतं. अशा रात्री दारं-खिडक्या लावून खोलीत शेगडी ठेवायची पद्धत आहे. निखारे फुललेले, धूर अजिबात नाही, म्हणून माणसं निर्धास्त झोपतात. धूर नाही म्हणजे धोका नाही हा समज घातक आहे. अपुऱ्या हवेत धुमसणारा कोळसा हाच वायू सोडतो. शहरात बंद न्हाणीघरातला गॅस गिझरही हेच करतो, आणि तशा मृत्यूंच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो.

डोकं जड होणं, मळमळ, गुंगी, पाय लटके पडणं ही लक्षणं. एकाच खोलीतल्या सगळ्यांना ती एकदम जाणवू लागली तर पित्त झालं, जागरण झालं, असं म्हणत बसू नका. दार उघडा, माणसांना मोकळ्या हवेत आणा, शेगडी बाहेर काढा किंवा गिझर बंद करा, आणि गुंगी असेल तर तडक दवाखाना गाठा. तिथे डॉक्टर नाकातोंडावर शुद्ध ऑक्सिजन लावतात. त्याचं कारण तेच. प्लॅटिनम तापवून मोनॉक्साइड उठवता येतो, रक्त तापवता येत नाही. तेव्हा ऑक्सिजनची गर्दीच इतकी करायची की मोनॉक्साइडचा एक रेणू सुटला की ती जागा ऑक्सिजननंच पटकवावी. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर ते काम तास-दीड तासात होतं.